जवायाले लंगडी गाडी देत नाईत

पांढुर्णा, स्वतःच्या अकलेने

नागपूरहून सौंसरला सरळ बस आहे. ती सौंसरच्या स्टँडवर नेऊन सोडते आणि तिथून माझी सासुरवाडी पायी पाच मिनिटांवर. हे मला तेवीस वर्षांपासून माहीत आहे. तरीही या डिसेंबरात मी नागपूरला इटारसीकडे जाणाऱ्या रेल्वेत चढलो आणि पांढुर्ण्याला उतरलो. साताऱ्यापासून बसून बसून कंबर धरली होती. वाटलं, रेल्वेत निदान थोडं उभं राहता येईल. उभं राहता आलं. पांढुर्ण्यापर्यंत उभंच राहता आलं.

पांढुर्णा जिल्हा होऊन आता काही वर्षं झाली, पण तिथल्या माणसांच्या बोलण्यात तो कालच झालेला असतो. स्टेशनबाहेरच्या चहावाल्याला सौंसरची बस कुठून मिळेल विचारलं, तर त्याने आधी मी जिल्ह्याच्या ठिकाणी आलो आहे याची जाणीव करून दिली आणि मग हात दाखवला. त्या हाताच्या दिशेला संत्र्यांचे ट्रक उभे होते, त्यांच्यामागे कापसाने फुगलेले ट्रॅक्टर, आणि हवेत संत्र्याच्या सालीचा असा वास की चहासुद्धा आंबट लागला. साताऱ्यात आम्ही संत्री मोजून आणतो. इथे बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईंनी नाव-गाव विचारायच्या आधी माझ्या मांडीवर चार ठेवली.

मी काही देखावे पाहायला आलो नव्हतो. मला कामगिरीवर पाठवलं होतं.

माझे सासरे, ज्यांना मी तिकडच्या पद्धतीने मामाजी म्हणतो, चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. ढोरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. निवृत्तीला सोळा वर्षं झाली, पण आसपासच्या खेड्यांतल्या गाई-म्हशींना ती बातमी कुणी दिलेली नाही. कुठे वासरू आडवं आलं, बैल चारा सोडून बसला, की मामाजींना फोन जातो आणि ते त्यांच्या पंचवीस वर्षं जुन्या मोटरसायकलवर निघतात. दिवाळीच्या आधी जवळच्या रामाकोना गावाच्या रस्त्यावर त्या गाडीचं पुढचं चाक खड्ड्यात गेलं ते वर आलंच नाही. मामाजींचं मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं. प्लास्टर निघालं त्या दिवशी ते पुन्हा गाडीवर बसले.

मग आमच्या घरी फोनवर बैठक झाली. माझी बायको सुनंदा साताऱ्यातून, तिचा भाऊ भोपाळहून. गाडी काढून घ्यायची हे ठरलं, पण मांजराच्या गळ्यात… जाऊ द्या, प्रश्न कुणी सांगायचं हा होता. मुलाचं ऐकत नाहीत, मुलीला रडवतात, मामीजींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, तर उत्तरही देत नाहीत. तेव्हा सुनंदाला एकदम आठवलं की घरात एक जावई आहे. त्याचा एरवी फारसा उपयोग नसल्यामुळे इतका वेळ कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आमच्या साताऱ्याकडे जावयाचा मान जेवणाच्या ताटापुरता असतो. सौंसरकडे जावयाला बादली उचलू देत नाहीत, आणि त्याने तोंडाने एखादी वस्तू मागितली तर ती द्यावीच लागते. सुनंदाचा डाव सरळ होता. मी गाडी बंद करा म्हणायचं नाही. मी ती मागायची. "मला फार आवडली, घेऊन जातो" म्हणायचं आणि नागपूरहून रेल्वेने पार्सल करायची. मामाजींना नाही म्हणताच येणार नाही. मी पाणीपुरवठा विभागात कारकून आहे. लोकांना नळ मागताना रोज पाहतो. मागणं म्हणजे काय अवघड, असं मला वाटलं.

सौंसर

पोचलो त्या रात्री पाटोडीचा रस्सा होता. बेसनाच्या वड्या आणि वर लाल तेल. आम्ही सातारकर तिखट खातो अशी माझी समजूत होती. ती तिसऱ्या घासाला गेली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसं मी ठरवलं, आता चेहरा केविलवाणा आहेच, मागून टाकू.

मी म्हणालो, "मामाजी, तुमची गाडी मला द्याल का? फार दिवस मनात आहे."

मामाजींचा घास हातात राहिला. स्वयंपाकघरातून मामीजींचं भाकरी थापणं थांबलं, कारण डाव त्यांनाही माहीत होता. मग मामाजींनी हात धुतले, खुंटीवरच्या सदऱ्यातून किल्ली काढली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली. "तुमची झाली," म्हणाले. बस, एवढंच. इतक्या सहज मिळेल असं वाटलं नव्हतं. मी लगेच मोरीत जाऊन सुनंदाला मेसेज केला की काम फत्ते. तिने अंगठा पाठवला. तेवीस वर्षांत तिच्याकडून मिळालेला तो पहिला अंगठा असावा.

सकाळी चहा घेता घेता मामाजी म्हणाले, "गाडी तुमची, पन आज नाई नेता येनार. इचे पुढचे पाय गेले. जवायाले लंगडी गाडी देत नाईत."

मी घाईघाईने म्हणालो की मला चालेल. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आजारी गाय बाजारात खपवणाऱ्याकडेही त्यांनी तसं पाहिलं नसेल. मग लंगडते कशी ते दाखवायला त्यांनी मला मागे बसवून रामाकोन्याच्या रस्त्याला नेलं. दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा, फळांनी वाकलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू, मधूनमधून पांढरी कपाशी. हे सगळं मी उड्या मारत पाहिलं. प्रत्येक खड्ड्याला गाडीच्या पुढच्या बाजूने ठक्क असा हाडावर हाड आपटल्यासारखा आवाज यायचा आणि माझे दात एकमेकांना भेटायचे. मामाजी मनगट झटकून पुन्हा हँडल धरायचे. तेव्हा मला सुनंदाचं म्हणणं पुरतं पटलं. ही गाडी या माणसाला पुन्हा पाडणार होती.

परतताना आम्ही रमेशभाऊंच्या गॅरेजवर थांबलो. रमेशभाऊ पन्नाशीचे, शांत, आणि हातातलं काम न थांबवता बोलणारे. त्यांनी पुढचं चाक उचलून हलवलं आणि निकाल दिला. पुढचे शॉकअप, म्हणजे चाकाच्या दोन्ही अंगांना असलेले ते दोन दांडे, जे खड्ड्यात दबतात आणि वर येतात, ते आता दबतही नव्हते आणि वरही येत नव्हते. एक पडण्यात वाकला होता. दुरुस्त केले तरी मुळातच बारीक. नव्या जमान्याच्या गाडीचे जाड शॉकअप, त्यांना वरखाली धरणारी पट्टी आणि डिस्क ब्रेकचं चाक असा पूर्ण संच बसवला, तर गाडी आणखी दहा वर्षं काढेल. असा जुना संच पांढुर्ण्याच्या एका भंगारवाल्याकडे मिळेल.

दहा वर्षं काढेल हे ऐकून मामाजींना आनंद झाला. मलाही झाला. मग आठवलं, ती दहा वर्षं गाडी साताऱ्यात काढणार आहे.

पांढुर्णा, दुसऱ्यांदा

मामाजींच्या मनगटाला त्रास नको म्हणून संच आणायला मी एकटा गेलो. आदल्या रात्री मी मोबाइलवर शॉकअप बदलण्याचे चार व्हिडिओ पाहिले होते. त्यातले दोन कुठल्या भाषेत होते कळलं नाही, पण आत्मविश्वास भाषेवर अवलंबून नसतो.

भंगारवाला सभ्य माणूस निघाला. त्याने चाक दिलं, पट्ट्या दिल्या, मग पोत्यावर दोन दांडे ठेवले. मी व्हिडिओतल्यासारखे डोळे बारीक करून पाहिलं. एका दांड्याला खाली दोन भोकांचा लोखंडी कान होता. दुसऱ्याला नव्हता. मी मनात हसलो. बाहेरगावचं गिऱ्हाईक पाहून तुटका माल देतोय. मी म्हणालो, याचा कान तुटलाय, मला दोन्ही सारखे हवेत.

"सारखे?" त्याने विचारलं.

"जोडी जुळली पाहिजे," मी म्हणालो.

त्याने एकदा माझ्याकडे, एकदा पोत्याकडे पाहिलं. समजावू लागला, पण मी हात वर केला. तेव्हा तो आत गेला आणि दुसरा कानवाला घेऊन आला. हुबेहूब जोडी. मी ती बसच्या मागच्या सीटवर मांडीवर घेऊन सौंसरला आलो. चाक टपावर होतं. वाटेत दोघांनी ओळख नसताना विचारलं, कुठे बसवून राहिले. मी सविस्तर सांगितलं. आता आठवलं की कान लाल होतात. माझे, दांड्याचे नाहीत.

रमेशभाऊंनी पोतं सोडलं आणि पहिल्यांदाच हातातलं काम थांबवलं. तो कान तुटत नसतो. तो डिस्क ब्रेकचा चिमटा बसवायचा असतो, आणि ब्रेक एकाच बाजूला असतो. म्हणून एका दांड्याला कान, दुसऱ्याला नाही.

मामाजी बाकावर बसले होते. त्यांनी दोन्ही दांडे उचलून शेजारी-शेजारी धरले.

"जवाईबापू," ते म्हणाले, "दोन्ही डावेच पाय आनले तुमी."

रमेशभाऊ पाठ फिरवून पाना शोधायला लागले. पाना त्यांच्या खिशात होता. रात्री जेवताना मामीजींनी मला वाढताना जरा जास्तच भाजी वाढली. दवाखान्यातून आलेल्या माणसाला वाढतात तशी.

पांढुर्णा, तिसऱ्यांदा

तिसऱ्या वेळी मामाजी म्हणाले, मीच येतो. भंगारवाल्याने मला पाहताच, मी काही बोलायच्या आत मामाजींना सांगितलं की काल त्याने यांना सांगितलं होतं. मामाजी म्हणाले, सांगितलंच असेल.

त्यानंतर जे झालं त्यासाठी मी पुन्हा पांढुर्ण्याला जाईन. मामाजींनी भंगाराच्या ढिगासमोर चप्पल काढली आणि ढोरांच्या बाजारात बसतात तसे उकिडवे बसले. एकेक दांडा उचलायचा, तो वरून खाली नखाने खरवडायचा. कुठे गंजाचा टवका लागला की बाजूला ठेवायचा. मग जमिनीवर टेकवून वरून अंगाचा भार द्यायचा आणि कान लावायचा. दबताना फुस्स झालं की नापास. सोडल्यावर उडी मारून वर आला तरी नापास. भंगारवाला आधी गमतीने पाहत होता, मग तोही शेजारी उकिडवा बसला आणि माल आतून आणून पुढे ठेवायला लागला. दोघांत जे बोलणं चाललं त्यात गाय कोणती आणि गाडी कोणती हे मला अर्धं कळलं नाही. "हा बसते, पन उठाले आळस करते," मामाजी म्हणायचे. "उमर झाली त्याची," भंगारवाला म्हणायचा.

अखेर एक बिनकानाचा दांडा त्यांच्या मनाला आला. तो दबला आणि एका श्वासात, न घाई करता, वर आला. मामाजींनी त्याच्यावरून तळवा फिरवला. मी तेवढ्यात घड्याळ पाहिलं, तर दोन तास गेले होते. आणि त्या दोन तासांत त्यांनी मनगट एकदाही चोळलं नव्हतं.

येताना बसस्टँडवर आम्ही आलुबोंडे, म्हणजे आपले बटाटेवडे, खाल्ले. मामाजी मला समजावत होते की साताऱ्याला घाट आहे, तेव्हा उतरताना पुढचा ब्रेक एकदम नाही दाबायचा, गाडीला आधी कळू द्यायचं. ही गाडी सकाळी सुरू व्हायला दोन किका जास्त घेते, तिच्यावर चिडायचं नाही. मी मान हलवत होतो. अर्धा आलुबोंडा मी कागदात गुंडाळून ठेवला, आणि या वेळी तो तिखट नव्हता.

रमेशभाऊंचं गॅरेज

चौथ्या दिवशी बसवणं झालं. जुने दांडे निघाले, आतून काळं पाणी आलं. रमेशभाऊंनी नव्यांना नवीन सील टाकले, दोन्हींत सारखं तेल मोजून भरलं. मी मदत म्हणून टॉर्च धरला होता. दिवसाचे अकरा वाजले होते, पण मला काहीतरी द्यायला हवं होतं.

सगळं कसून झाल्यावर मामाजी चार पावलं मागे गेले आणि म्हणाले, तोंड वर आलं हिचं, ही चरणार कशी. खरंच होतं, नवे दांडे जुन्यांहून लांब होते आणि गाडी आकाशाकडे पाहत उभी होती. रमेशभाऊ पुन्हा बसले, पट्ट्या सैल केल्या, दोन्ही दांडे बोटभर वर सरकवून कसले. गाडीने मान खाली घेतली. मामाजींनी हँडल धरून पुढून दाबलं. ती एकदा बसली, एकदा उठली आणि थांबली.

रामाकोन्याच्या त्याच रस्त्याला आम्ही पुन्हा गेलो, मामाजी पुढे आणि मी मागे. ज्या खड्ड्यांशी माझी दातांची ओळख होती ते आले आणि गेले. ठक्क नाही. मामाजींनी मुद्दाम एक मोठा खड्डा गाठला. चाक आत उतरलं आणि म्हैस डबक्यातून निघते तसं निवांत बाहेर आलं. मग त्यांनी नवा ब्रेक दाबून पाहिला आणि माझं नाक त्यांच्या पाठीवर आपटलं. ते हसले. सासऱ्यांना मोठ्याने हसताना मी लग्नात पाहिलं होतं, तेही दुसऱ्याच्या.

घरी आल्यावर त्यांनी गाडी धुतली, पुसली, स्टँडला लावली आणि म्हणाले, "आता न्या."

निघताना

सकाळी गाडी नागपूर स्टेशनला न्यायला टेम्पो यायचा होता. मामीजींनी गाडीच्या दिव्याला हळदकुंकू लावलं. मामाजी ओसरीवर पेपर वाचत होते, बराच वेळ एकच पान. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडचा माणूस रामाकोन्याचा. गाय दोन दिवस खात नव्हती. मामाजींनी सगळं विचारून घेतलं, शेण कसं आहे, नाक ओलं आहे का. पलीकडून विचारलं असावं की येता का. मामाजी म्हणाले, "नाई जमत. गाडी जवायाची झाली."

कुरकुर नव्हती त्यात. आपला पेशंट दुसऱ्या डॉक्टरकडे गेला हे सांगावं तसं सांगितलं आणि पेपर उचलला.

माझ्यात काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मला एवढंच कळलं की ज्या गाडीने हा माणूस पडणार होता ती आता पूर्वीची राहिली नाही, आणि मी पार्सल करून नेतोय ते वेगळंच काही. मी म्हणालो, "मामाजी, गाडी इथेच राहू द्या. तुम्हीच ठेवा."

"दिलेली वस्तू वापस घेत नाईत."

मी म्हणालो, मग विकत घ्या. हे वाक्य माझ्या तोंडून का आलं देव जाणे. मामाजींनी पेपर खाली ठेवला. तेवीस वर्षांत प्रथमच ते माझ्यावर रागावण्याच्या बेतात होते. मी मदतीसाठी इकडेतिकडे पाहिलं, तर दारात मामीजी उभ्या. गाडी जावी म्हणून महिनाभर फोनवर रडलेल्या त्याच.

"अर्धेलीनं द्या न मंग," त्या म्हणाल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिकडे आपली गाय दुसऱ्याच्या गोठ्यात ठेवायची असेल तर अर्धेलीनं देतात. गाय मालकाचीच. पाळणारा चारा-पाणी बघतो, जे होईल ते अर्धं-अर्धं. देणंही नाही, घेणंही नाही, आणि त्यात कुणाचा मान जात नाही.

मामाजी विचारात पडले. "हिले वासरू होनार नाई. अर्धं काय देऊ?"

"संत्री पाठवजा," मामीजी म्हणाल्या. "अन् मालकानं अटी सांगाव्या लागतेत." मग माझ्याकडे पाहून त्यांनी डोळ्यांनी डोकं दाखवलं.

मला उशिरा कळतं, पण कळतं. मी मालकाच्या आवाजात सांगितलं की गाडीवर बसताना हेल्मेट पाहिजे. मामीजींनी अंगणातल्या उन्हाकडे पाहिलं. मी म्हणालो, दिवे लागायच्या आत गाडी घरात. त्यांनी वेशीच्या दिशेला हात केला. मी म्हणालो, गावाबाहेर न्यायची तर आधी मला फोन करायचा. या तिन्ही गोष्टी पोरांनी वर्षानुवर्षं सांगून पाहिल्या होत्या आणि मामाजींनी झुरळासारख्या झटकल्या होत्या. आता ते एकेका अटीला मान हलवत होते.

"बरोबर हाये," ते म्हणाले. "स्वतःचं ढोर कसंबी हाकलता येते. दुसऱ्याचं जपावं लागते."

टेम्पोवाल्याला परत पाठवलं. मी बसने नागपूरला आलो, सरळ बसने, आणि जागाही मिळाली. साताऱ्याला मी रिकाम्या हाताने पोचलो तेव्हा सुनंदाने मला जे विचारलं ते इथे लिहीत नाही. मी आणायला गेलो होतो गाडी. तिला नवे पाय लावून, ब्रेक बदलून, दहा वर्षांचं आयुष्य वाढवून, जिच्यापासून वडिलांना वाचवायचं त्यांच्याच हाती ठेवून आलो होतो. अर्धेली समजावून सांगितल्यावर ती थोडी शांत झाली. म्हणाली, बाबा फोन करतील याची खात्री आहे तुम्हाला? मी म्हणालो, आहे. नव्हती.

परवा दुपारी मी ऑफिसात असताना मामाजींचा फोन आला. "जवाईबापू, एक गाय अडली हाये रामाकोन्याले. गाडी नेऊ का?"

मी मालक. मी जरा थांबून, रस्ता कसा आहे, ऊन किती आहे वगैरे विचारलं. ते नीट उत्तरं देत होते. त्यांच्या मागे एक गाय हंबरत होती आणि कुणीतरी अगदी जवळून सांगत होतं, "डाक्टरसाहेब, खूर दिसून राह्यला."

"न्या," मी म्हणालो.

"बरं," मामाजी म्हणाले. आवाज रांजणातून आल्यासारखा येत होता. गायीपाशी पोचले होते, फोन करत होते, आणि हेल्मेट अजून डोक्यावरच होतं.